टोमॅटोला कसला वास येतो

२ जानेवारी
आयुष्यभर दैनंदिन्या बांधल्या, लिहिली मात्र एकही नाही. छापखान्याच्या बांधणी खात्यात दर हिवाळ्यात माझ्या हाताखालून त्यांचे ढीग जायचे. ही वही त्यातलीच, तिरकी कापली गेली म्हणून माझ्या वाट्याला आलेली. छापखाना बंद झाला, बायकोची बदली दुसऱ्या गावी झाली आणि घरात उरलो मी आणि सासूबाई. घर त्यांचं आहे, म्हणजे मी घरजावई. लोक हसतात. हसोत. निदान जेवताना समोर कुणीतरी असतं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. मी टोमॅटो लावले. सासूबाईंच्या खोलीला लागून काचेची बंद गॅलरी आहे, तिथे फळ्या ठोकून त्यावर रोपांचे कप मांडले. नर्सरीवाला म्हणाला आहे, थंडी सरली की सगळी रोपं घेईन, फक्त काटक हवीत. गॅलरीत थंडी फार, म्हणून जुन्या बाजारातून सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर आणला. काचांच्या फटी बांधणीच्या कापडाच्या पट्ट्यांनी बुजवल्या, खळ लावून, वर बोट फिरवून, अगदी पुस्तकाची पाठ बसवावी तशा. आता वाऱ्याला आत यायचं तर माझी परवानगी लागेल.

५ जानेवारी
सासूबाई रसायनशास्त्राच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून चहात साखर विरघळताना बघतात. आज हीटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ज्योत निळी हवी, ही पिवळी आहे. मी म्हटलं, पिवळी दिसायला किती छान, घर उबदार वाटतं. त्यांनी माझ्याकडे शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

त्यांच्या खोलीचं आणि गॅलरीचं दार मी उघडंच ठेवतो. ऊब त्यांनाही मिळते, आणि पलंगावरून रोपं दिसतात ते त्यांना आवडतं. माझी दुपारही आता तिथेच जाते.

चहा घेताना त्यांना आमच्या छापखान्याच्या मालकांच्या दाताची गोष्ट सांगितली. मालकांची दाढ दुखत होती, पण दुखेल या भीतीनं त्यांनी धाकट्या भावाला आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं, जरा बघून ये म्हणून. भाऊ खुर्चीवर बसला, तोंड उघडलं आणि चांगली दाढ उपटून घेऊन घरी आला. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

९ जानेवारी
कात्री दाराआडच्या खिळ्याला अडकवायची ठरवलं. तिथे ती हमखास सापडेल.

रोपं छान वाढतायत. डोकं मात्र दोन दिवस जड आहे. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

सासूबाईंनी आज चहात दोनदा साखर घातली आणि तिसऱ्यांदा घालायला निघाल्या. मी डबा काढून घेतला.

१२ जानेवारी
काहीतरी बिनसलंय. सकाळी बघतो तर सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या, म्हणजे पानांचे देठ वरून खाली वळलेले. पाणी कमी पडलं म्हणावं तर माती ओली आहे. जास्त झालं म्हणावं तर पानं पिवळी नाहीत. हात लावला तर पान टवटवीत, कडक. सुकलेलं पान चिंधीसारखं लोंबतं. हे तसं नाही, हे कुणीतरी मुद्दाम दुमडल्यासारखं आहे. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी एकाच तऱ्हेनं वाकलेली, जणू रात्री कुणी हुकूम सोडला. खूप वेळ बघत बसलो. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं.

मग विचार केला, दुसरं काय असणार, थंडी. हीटर एका खुणेनं वाढवला. भिंतीत वरती एक झरोका होता, तोही पुठ्ठा बसवून बंद केला. काम सुबक झालं आहे.

१३ जानेवारी
सासूबाई सकाळी गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोपांना कसला तरी वास येतोय."

मी हुंगून बघितलं. मातीचा वास, पानांचा तो हिरवा तिखट वास, बाकी काही नाही. म्हटलं, मला तर काही येत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो. त्यांना."

पुढे काहीतरी सांगणार होत्या, बोट वर केलं, आणि तशाच थांबल्या. वाक्य हरवलं. पलंगावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, जाऊ दे, आठवेल मग.

संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा हे सांगावं लागलं. लपवून काय फायदा? साखरेचंही सांगितलं. रविवारी येते म्हणाली.

१५ जानेवारी
आता रोपं इकडची तिकडे व्हायला लागली आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत सासूबाईंचं स्वतःचं एक रोप असतं, हौसेनं मागून घेतलेलं. ते मला गॅलरीत सापडलं आणि गॅलरीतलं एक स्वयंपाकघरात. विचारलं तर म्हणाल्या, असू द्या, बघतेय. काय बघताय, तर सांगता येईना. कपांवर खडूनं फुल्या आणि गोल काढले आहेत. मी ओल्या फडक्यानं पुसून टाकले, नर्सरीवाल्याला कप स्वच्छ लागतात.

गंमत म्हणजे स्वयंपाकघरातलं ते रोप सरळ, ताठ होतं. गॅलरीत आल्यावर दुसऱ्या दिवशी तेही वाकलं. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

१७ जानेवारी
रविवार. बायको आली होती. तिघं दिवसभर बाहेर होतो, आधी नदीकाठच्या बागेत बाकावर, मग तिथल्याच उपाहारगृहात. सासूबाईंनी बिल तोंडी तपासून वेटरची चूक काढली, परतताना बसचा नंबर लांबून वाचला. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, अरे, ही तर ठणठणीत आहे, तू काय काय सांगत असतोस? मला राग आला. लेक आली की सासूबाई शहाण्या होतात, जावई एकटा असला की साठी बुद्धी नाठी. माझंही डोकं आज हलकं होतं, बागेतली हवाच तशी.

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. सासूबाईंची एक सवय मी टिपून ठेवली आहे. खूश असल्या की बायकोला 'माझी लेक' म्हणतात, रुसल्या की 'तुमची बायको'. आज दिवसभर ती 'माझी लेक' होती.

१९ जानेवारी, बहुतेक
कात्री हरवली. पूर्ण घर शोधलं. शेवटी सापडली कुठे, तर दाराआडच्या खिळ्याला! सासूबाई आता वस्तू लपवायला लागल्या. त्यांना काही बोललो नाही, फक्त कात्री माझ्या खिशात ठेवली. फोनवर बायकोला सांगितलं.

पानं आणखी खाली गेली आहेत. हीटर आणखी वाढवला. उलटी होईलसं वाटतंय, जेवलो नाही.

१९ जानेवारी
चहाच्या वेळी सासूबाईंना आमच्या मालकांच्या दाताची गोष्ट सांगितली. ही त्यांना कशी सांगायची राहून गेली होती कोण जाणे. मालकांनी धाकट्या भावाला डॉक्टरकडे पाठवलं आणि भाऊ चांगली दाढ उपटून आला. सासूबाई हसल्या. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बाहेर एक चक्कर मारून या, तुमचा चेहरा उतरलाय.

२२ जानेवारी
आज कहर झाला. सासूबाई दुपारी घरात नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी त्यांना आणून सोडलं. जिन्यात बसल्या होत्या, पायरीवर, अंगावर पांघरूण घेऊन, या थंडीत. का बसलात विचारलं तर म्हणाल्या, "इथे डोकं चालतं." आणि मला म्हणतात, तुम्हीही बसा थोडा वेळ.

शिवणवाल्या बाईंसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक म्हणतील, जावयानं म्हातारीला जिन्यात बसवलं.

रात्रीची वाट न बघता बायकोला फोन केला. जिना, खडू, कात्री, झाडांचा वास, सगळं सांगितलं. ती रडली. तिच्या गावाजवळ वृद्धांसाठी एक घर आहे, डॉक्टर असतात, बाग आहे. येऊन घेऊन जाते म्हणाली, आधी स्मरणशक्तीची तपासणी करतील, मग ठरवू. मी म्हटलं, तेच बरं. म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं. भांडायला तरी कोण उरणार?

२५ जानेवारी
घेऊन गेली. सासूबाईंनी विरोध केला नाही. या घरात त्या लग्न होऊन आल्या, इथेच मुलगी झाली, इथूनच रोज शाळेत गेल्या, आणि निघाल्या तेव्हा हातात एक पिशवी. बायकोची नजर चुकवून दाराशी मला म्हणाल्या, स्वयंपाकघरातलं रोप हलवू नका, तिथेच राहू द्या. पुन्हा वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही सांभाळा. तुम्हाला बरं नाहीये."

त्यांच्या मनात तरी माझी काळजी होती. मला मात्र सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

२६ जानेवारी
आता त्यांच्या खोलीतच बसतो, रोपांवर नजर राहते. शिवणवाल्या बाई बटणं मागायला आल्या होत्या. त्यांना मालकांच्या दाताची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, ही सकाळीच सांगितलीत. सकाळी तर त्या आल्याच नव्हत्या. बायका दिवसभर मशीन चालवतात, डोकं भणभणत असणार.

२७
पानं अगदी जमिनीकडे. हीटर पूर्ण. फार झोप येते. कात्री सापडत नाही. सासूबाईंना विचारायला हवं

३० जानेवारी
शिवणवाल्या बाईंकडे बसून लिहितोय. तीन दिवसांत मला जे सांगण्यात आलं ते नीट उतरवतो.

परवा दुपारी सासूबाईंनी मला फोन केला. मी उचलला नाही. परत केला. मला लांब कुठेतरी वाजल्यासारखं आठवतं, आणि वाटलं, शेजारी वाजतोय. मग त्यांनी शिवणवाल्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, दार वाजवा, उघडलं नाही तर दाराची काच फोडा, आत गेल्यावर आधी हीटर बंद करा, मग सगळ्या खिडक्या उघडा, मग त्यांना बाहेर ओढा. याच क्रमानं. बाईंनी काच फोडायला शिवणयंत्राचं लोखंडी पायडल नेलं. खिडक्या उघडेनात, कारण मी त्या बांधल्या होत्या. कापडाच्या पट्ट्या त्यांनी माझ्याच खिशातल्या कात्रीनं कापल्या. म्हणाल्या, काय हो काम केलंत, कपड्यावर इतकी पक्की शिवण माझी नसते.

मी सासूबाईंच्या खुर्चीत होतो, हाक मारली तर ओ देत होतो, पण पाय उचलत नव्हते. दवाखान्यात नाकाला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस अर्धवट जळला की विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला कळतच नाही. आधी डोकं दुखतं, मग विसरायला होतं, मग झोप लागते. आणखी तासभर उशीर झाला असता तर त्या खुर्चीतून उठला नसतात, असंही म्हणाले.

१ फेब्रुवारी
सासूबाईंशी फोनवर बोललो. आवाज खणखणीत, जुना, वर्गातला. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि मी दोनदा विचारलं तरी चिडल्या नाहीत.

तिकडे लेकीच्या घरी दोन दिवस मोकळ्या हवेत राहिल्या आणि त्यांचं हरवलेलं वाक्य सापडलं. स्मरणशक्तीच्या तपासणीला बसल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, पाच फळांची नावं सांगा. सासूबाई दुसऱ्या फळावर थांबल्या. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पण सासूबाई विसरल्या नव्हत्या, त्यांना आठवलं होतं. "एक नासका आंबा सगळी आढी नासवतो," त्या मला म्हणाल्या, "ती म्हण लोक माणसांना लावतात. पण खरी आहे. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, शेजारच्या फळाला तो कळतो आणि तेही पिकायला लागतं. इथिलीन. झाडांची ती एकमेकांत चाललेली बोलीच आहे म्हणा. आणि तोच वायू अर्धवट जळलेल्या गॅसमधूनही निघतो."

टोमॅटोला तो इतका थोडा असला तरी कळतो की आपल्या नाकाला त्याची दादही नसते. कळला की देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भराभर वाढते, म्हणून पान खाली वळतं, पाणी भरपूर असूनही. पूर्वी काचघरं सांभाळणारे लोक हीटरजवळ मुद्दाम टोमॅटोचं रोप ठेवायचे म्हणे. पानं वाकली की समजायचं, ज्योत बिघडली. आणि ज्योत बिघडली की इथिलीनच्या जोडीनं तो दुसराही येतो, माणसाला झोपवणारा.

सासूबाईंनी त्या बाईंना सांगितलं, उरलेली तीन फळं मागाहून सांगते, आधी मला फोन द्या.

म्हणजे रोपांची ती हलवाहलव, खडूच्या फुल्या आणि गोल, हा सगळा प्रयोग होता. स्वयंपाकघरातलं रोप सरळ, ते गॅलरीत नेलं की वाकतं. हे त्या रोज बघत होत्या आणि रोज निष्कर्षाच्या आधी विसरत होत्या. खुणा करून ठेवल्या, तर त्या मी पुसल्या. मी गॅलरीत एवढ्या झाडांना विचारत बसलो होतो, तुम्हाला काय होतंय, आणि ती सगळी एका आवाजात उत्तर देत होती. मी हीटर वाढवत होतो.

तपासणीचा निकाल बायकोनं सांगितला: काही झालेलं नाही. फळं त्यांनी मागाहून बारा सांगितली.

७ फेब्रुवारी
उघड्या खिडक्यांच्या थंडीत निम्मी रोपं गेली. नर्सरीवाल्याला कळवलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. उरलेल्यांची जुनी पानं वाकलेलीच राहिली आहेत, ती आता सरळ होणार नाहीत असं सासूबाई म्हणतात. पण शेंड्याला नवीन पान आलं आहे ते सरळ आहे. हीटर भंगारात दिला. झरोक्यातला पुठ्ठा मी स्वतः काढला.

सासूबाई आज घरी आल्या. दारातून आत येताना आधी नाक वर करून हुंगलं, मग स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीतल्या रोपाला बोट लावून बघितलं. ताठ होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचाही रंग परत आलाय.

बायको दोन दिवस राहणार आहे. ती बाहेर गेल्यावर मी सासूबाईंसमोर बसलो आणि मनातलं बोललो, की मी रोज फोन करून तुमची एकेक चूक तिच्यापर्यंत पोचवली, साखर, कात्री, जिना, काही सोडलं नाही. मला फार लाज वाटत होती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, दुसरं काय. त्या म्हणाल्या, कात्री तर तुम्हीच अडकवली होती, माझ्यासमोर. मला आठवेना.

मग म्हणाल्या, "ती दाताची गोष्ट तुम्ही मला सात-आठ वेळा सांगितलीत. एकदा तर एकाच चहात दोनदा."

मी म्हटलं, मग माझ्या बायकोला का नाही सांगितलंत? ती रोज फोनवर विचारायची, हे कसे आहेत म्हणून.

"काय सांगायचं? मला वाटलं, जावयाचं डोकं गेलं. कामही गेलं, आता हे. माझ्या लेकीला कळलं असतं तर तिनं तुम्हाला कुठे नेऊन ठेवलं असतं?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, मी आहे तोवर सांभाळीन. म्हणून प्रत्येक वेळी हसायचे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी उठून खिडकी जरा जास्त उघडली.

बायको परत आली तेव्हा आम्ही तिघांसाठी चहा ठेवला. साखर सासूबाईंनीच घातली, मी डबा धरून उभा होतो. सगळे बसल्यावर त्यांनी कप हातात घेतला आणि अगदी सहज विचारलं, जावईबापू, तुमच्या मालकांच्या दाताची काय हो ती गोष्ट, माझ्या लेकीनं कुठे ऐकलीय? मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. भाऊ खुर्चीवर बसला तिथेच त्या हसायला लागल्या.